परवान्याअभावी रॉटवायलरला प्रवेश नाकारल्याच्या अभिप्रायाला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या दोन वर्षांच्या रॉटवायलर जातीच्या कुत्र्याला पाच दिवस आमच्या श्वान निवास केंद्रात ठेवण्यासाठी आपण पुण्यातून इतक्या लांब आलात आणि फाटकातूनच परत गेलात. त्याबद्दल आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी शांतपणे दोनदा वाचला. कुत्रा रॉटवायलर असल्यामुळेच त्याला नाकारले, केनेल क्लबची कागदपत्रे दाखवूनही महापालिकेच्या परवान्याचा हट्ट धरला, न्यायालयाने या जातीवरची बंदी रद्द केलेली असताना आम्ही स्वतःचेच कायदे चालवतो, मुसके मागणे ही क्रूरता आहे आणि आगाऊ भरलेले पंधराशे रुपये अद्याप मिळालेले नाहीत, असे आपले म्हणणे आहे.

पैशांबाबत आपण पूर्णपणे बरोबर आहात. ती रक्कम त्याच दिवशी परत जायला हवी होती, सुट्टीच्या गडबडीत ती राहून गेली आणि आज सकाळी ती आपल्या खात्यात जमा केली आहे. दुसरी चूकही आमचीच आहे. फोनवर जागा राखून ठेवताना आमच्या सहकाऱ्याने लसीकरण, परवाना आणि पूर्वभेट (मुक्कामाआधी कुत्र्याला एकदा आणून दाखवणे) या तिन्ही अटी आपल्याला सांगायला हव्या होत्या. त्या सांगितल्या असत्या तर ऐन सणात आपल्या कुटुंबाची ही ओढाताण झाली नसती. यासाठी मी मनापासून क्षमा मागतो. यापुढे नोंदणी करतानाच या अटी लेखी पाठवल्या जातील.

मात्र प्रवेश नाकारण्याचा निर्णय माझा स्वतःचा होता आणि तो मला आजही योग्य वाटतो.

आपण आलात त्या दिवशी आमच्या आवारात दोन रॉटवायलर मुक्कामाला होते. त्यांपैकी नऊ वर्षांची मादी गेली सहा वर्षे दर दिवाळीला आमच्याकडे येते आणि फटाक्यांच्या आवाजाने घाबरली की आमच्या मदतनिसाच्या पायाशी येऊन बसते. जर्मनीतल्या रॉटवाइल गावात खाटकांची गुरे हाकण्यासाठी तयार झालेली ही जात बुद्धिमान, माणसाला धरून राहणारी आणि शिकवले तर फार चटकन शिकणारी आहे. पण पूर्ण वाढलेला नर सुमारे 50 किलोंचा असतो. असा कुत्रा एकदाच चुकला तरी समोरच्याला होणारी इजा लहान कुत्र्याच्या चाव्यापेक्षा कितीतरी गंभीर असते. म्हणूनच आमचे प्रश्न कुत्र्यापेक्षा त्याच्या मालकासाठी अधिक असतात. गाडीतून उतरताना आपल्या कुत्र्याचा पट्टा आपल्या शाळकरी मुलाच्या हातात होता आणि शेजारच्या पिंजऱ्यातला कुत्रा भुंकताच तो मुलगा चार पावले ओढला गेला. आपल्याला दोष द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही, पण ते दृश्य पाहिल्यावर माझा निर्णय पक्का झाला, हे आपल्याला प्रामाणिकपणे सांगायला हवे.

आता कागदपत्रांविषयी. केनेल क्लबचे प्रमाणपत्र कुत्र्याची जात आणि वंशावळ सांगते, तर महापालिकेचा परवाना तो कुत्रा कोणत्या पत्त्यावर, कोणाच्या जबाबदारीवर आहे आणि त्याला रेबीजची लस दिलेली आहे की नाही, हे सांगतो. ही दोन्ही कागदपत्रे एकच आहेत असे समजणारे आपण एकटे नाही. आमच्याकडे येणाऱ्या अनेकांना पिल्लू विकणाऱ्याने ‘पेपर आहेत, बाकी काही लागत नाही’ असेच सांगितलेले असते. पुण्यात हा परवाना ऑनलाइन मिळतो. त्यासाठी रेबीज लसीकरणाचे प्रमाणपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि कुत्र्याचे छायाचित्र लागते आणि दर वर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. आपल्या लसीकरणाच्या कार्डावर रेबीजच्या लसीची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपलेली होती, त्यामुळे परवाना असता तरी आम्हाला थांबावेच लागले असते.

रेबीजच्या बाबतीत आम्ही इतके कडक का आहोत, हे थोडे सविस्तर सांगतो. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या माणसाच्या शब्दावर आम्ही कार्ड न पाहता एक कुत्रा ठेवून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी तो आमच्या मदतनिसाच्या हाताला चावला. जखम खोल होती. मालकाला लसीची तारीख आठवेना आणि कार्डही सापडेना. मदतनिसाला जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) आणि त्यानंतर पहिल्या, चौथ्या, आठव्या, पंधराव्या आणि एकोणतिसाव्या दिवशी अशा लसीच्या पाच मात्रा घ्याव्या लागल्या, तर कुत्र्याला दहा दिवस वेगळे ठेवून आम्ही रोज त्याच्याकडे बघत राहिलो. कुत्रा निरोगी निघाला. पण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, हे माहीत असलेल्या त्या मदतनिसाच्या घरच्यांनी ते दहा दिवस कसे काढले, ते मी पाहिले आहे. त्यानंतर ओळखीवर प्रवेश द्यायचा नाही, हे ठरले.

बंदी आणि न्यायालयाच्या मुद्द्यावर आपण अर्धेच बरोबर आहात. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने 12 मार्च 2024 रोजी राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो यांसह 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी आणि आधीच पाळलेल्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण करावे, असे सांगितले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये ते रद्द केले आणि संबंधितांचे म्हणणे न ऐकता असा निर्णय घेता येणार नाही, असे म्हटले. त्या पत्राला माझाही विरोध होता, कारण त्यातली यादी इतकी ढोबळ होती की ‘टेरियर’ आणि ‘मॅस्टिफ’ असे सरसकट गटच तिच्यात आले होते. ते पत्र बाहेर आले त्या आठवड्यात, कुत्रा कायमचा ठेवून घ्याल का, असे विचारणारे फोन आम्हाला आले आणि त्यांतले एक घर त्या कुत्र्याला सात वर्षे सांभाळत होते. पण पत्र रद्द झाले म्हणून महापालिकेचा परवाना रद्द होत नाही आणि मालकाची जबाबदारीही संपत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 291 प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याने पुरेशी काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगते. ते पाच दिवस आपला कुत्रा आमच्या ताब्यात असता, म्हणून कायद्यापुढे उत्तर आम्हालाच द्यावे लागले असते.

जुलै 2022 मध्ये लखनऊत घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात एका 82 वर्षांच्या आजींचा जीव गेला आणि ऑगस्ट 2024 मध्ये गोव्यातल्या हणजूण येथे पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांचे एक मूल दगावले. अशी प्रत्येक घटना घडली की जातीवर बंदी घाला, ही मागणी पुन्हा जोर धरते आणि नीट सांभाळलेल्या शेकडो कुत्र्यांवर संशय येतो. जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्यात 2013 पासून नव्या मालकाला, कुत्रा कोणत्याही जातीचा असो, लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात. रॉटवायलर ज्या देशाने जगाला दिला, त्या देशातली ही पद्धत मला जातीच्या यादीपेक्षा कितीतरी न्याय्य वाटते आणि आपल्याकडेही ती यावी, असे मला मनापासून वाटते.

मुसक्याबद्दलचा आपला राग मी समजू शकतो, कारण बाजारात मिळणारे तोंड आवळणारे कापडी मुसके खरोखरच वाईट असते. कुत्रा आपल्या शरीराची उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो, त्यामुळे त्याचे तोंड घट्ट बांधले तर उन्हात त्याच्या जिवावर बेतू शकते. आम्ही जाळीचे मुसके मागतो. ते घालून कुत्र्याला तोंड उघडता येते, पाणी पिता येते आणि खाऊही घेता येतो. आत खाऊ ठेवून कुत्र्याला स्वतःहून तोंड घालू द्यायचे, पहिले काही दिवस बंद लावायचाच नाही आणि मग हळूहळू वेळ वाढवायची, अशा रीतीने साधारण दोन आठवड्यांत बहुतेक कुत्री ते पट्ट्यासारखेच स्वीकारतात. आमच्याकडेही ते फक्त आत येताना, बाहेर जाताना आणि दुसऱ्या कुत्र्यासमोरून नेताना घालतात, पिंजऱ्यात कधीच नाही. हे त्या दिवशी फाटकावर आपल्याला नीट समजावून सांगायला आमचे लोक कमी पडले.

आपला कुत्रा स्वभावाने वाईट आहे, असे मला क्षणभरही वाटले नाही. अनोळखी जागेत तो मालकाकडे वळून पाहत होता आणि ही फार चांगली खूण आहे. रेबीजची लस द्यावी, तिच्या प्रमाणपत्रावर परवान्यासाठी अर्ज करावा आणि लसीनंतर तीन आठवड्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी आठ वाजता त्याला पूर्वभेटीसाठी आणावे. त्या भेटीचे शुल्क आम्ही घेणार नाही. त्याच्या तोंडाचे माप घेऊन योग्य आकाराचे मुसके देऊ आणि पट्टा हातात कसा धरायचा, ते आपल्या मुलालाही मी स्वतः दाखवीन. येताना मात्र पट्टा आपण धरावा.

आपला,
केंद्रचालक