सगोत्र स्पीकर

हायफायचा नाद असलेला माणूस घरी आला की आधी ॲम्प्लिफायरकडे जातो, पाणी नंतर. वाकून मागच्या बाजूला बघणार, वरच्या पत्र्यावर तळहात ठेवून "चांगला तापतो की रे" म्हणणार, पॉवर सप्लायचं कौतुक करणार, एवढा ट्रान्सफॉर्मर आजकाल घालतो कोण वगैरे. मग नजर हळूहळू भिंतीला लागून ठेवलेल्या दोन खोक्यांकडे जाते.

"स्पीकर पण ह्यांचेच?"

"हो."

"अच्छा."

त्या "अच्छा"नंतर स्पीकरचा विषय संपतो. पुढचे दोन तास माणूस त्याच खोक्यांतून येणाऱ्या किशोरीताई डोळे मिटून ऐकतो, मान डोलावतो आणि जाताना ॲम्पची पाठ थोपटून जातो!

कंपनी इंग्लिश आहे, नाव नाही सांगत, उगाच त्यांनाही वाईट वाटेल. ॲम्प बनवण्यात तिचं नाव मोठं, आणि स्पीकरही बनवते हे बहुतेकांना माहीतच नसतं. ज्यांना असतं ते असं बोलतात जणू घरातली झाकून ठेवायची गोष्ट मी हॉलमध्ये मांडून ठेवलीय.

ह्यावर मी बरंच डोकं खाजवलंय. माझं मत असं झालंय की शौकिनाचा खरा छंद गाणं ऐकणं नाहीच, जुळवणं आहे. हा स्पीकर, तो ॲम्प, मधे तिसऱ्याचीच केबल, आणि मग पत्रिका बघायची. स्पीकर आठ ओहमचा म्हणतात पण खाली बेसला तीन-साडेतीनवर उतरतो, तुझ्या ॲम्पला झेपेल का? सेन्सिटिव्हिटी ८६ डीबी, म्हणजे ८९ वाल्याच्या तुलनेत तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट खाणार, आहेत का तुझ्याकडे? अशा गुणमेलनात माणसाचे रविवार काय, उभी वर्षं जातात, आणि जमलं की जमवल्याचं श्रेय आपलं. आता ज्या कंपनीने ॲम्प केला तिनेच स्पीकर केले म्हटल्यावर हे सगळं तिथेच, कारखान्यातच उरकलेलं. मध्यस्थाला कामच नाही. शिवाय एकाच घरातली दोघं म्हणजे सगोत्र, आणि सगोत्र जोडप्याकडे आपल्यात लोक कसे बघतात ते सांगायला नको, संसार कितीही सुखाचा असू दे.

अर्थात तोंडावर हे कारण कोणी देत नाही. तोंडावर येतं ते "ॲम्पवाल्यांना स्पीकरमधलं काय कळतं". ह्यात थोडं तथ्य आहे, खोटं कशाला बोला. ॲम्प टेबलावर मोजून पूर्ण होतो, विकृती (डिस्टॉर्शन, मूळ आवाजात होणारी भेसळ) एक टक्क्याच्या शंभराव्या हिश्श्यात आणली की इंजिनियर झोपायला मोकळा. स्पीकरचं तसं नसतं. कागदाचा कोन (शंकूच्या आकाराचा पडदा), त्याच्या कडेचं रबर, लाकडी पेटी, सगळं हलतं आणि सगळं आपापला आवाज काढतं, बेसला एखादा टक्का विकृती चांगल्या स्पीकरलाही होते, आणि एवढं सगळं जमवून तो खोका शेवटी पाचपाखाडीतल्या दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये येतो जिथे एका बाजूला शोकेसची काच आणि दुसऱ्या बाजूला दार उघडलं की थेट बाल्कनी. ते कुठल्या यंत्रावर मोजणार?

पण मग लीकचं काय करायचं? हॅरॉल्ड लीक, इंग्लंडचा, १९४५ मध्ये त्याने ०.१ टक्का विकृतीचा ॲम्प आणला आणि त्या आकड्यावरूनच त्याचं नाव पॉइंट वन ठेवलं, ह्याहून जास्त ॲम्पवाला माणूस असणार कोण. त्याच कंपनीने १९६१ मध्ये सँडविच नावाचा स्पीकर काढला, कोनमध्ये थर्माकोलसारखा फोम आणि दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमची पातळ फॉइल. आणि क्वाड? पीटर वॉकरची कंपनी, घरोघरी ओळख ॲम्पमुळे, पण १९५७ चा त्यांचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आजही लोक दुरुस्त करकरून वापरतात, त्याचं नाव निघालं की आमचे मित्र आवाज खाली आणतात. हे सगळं मी तलावपाळीवर बसून आमच्या कोलशेतच्या मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "ते अपवाद रे." ह्या माणसाला आणखी उदाहरणं दिली तर तो अपवादांची यादी वाढवेल, नियम हलणार नाही.

म्हणून मग मी उलटी उदाहरणं द्यायला लागलो, त्याच्याच बाजूची, म्हटलं निदान गप्पा तरी पुढे सरकतील. मॅकिंटॉश घ्या, अमेरिकन, निळे मीटर दुरून ओळखतो आपण. स्पीकर ते १९७० च्या आसपासपासून करतायत, पण स्वतःहून कोणी आठवण काढलीय? १९७४ मध्ये ग्रेटफुल डेड ह्या अमेरिकन रॉक बँडवाल्यांनी स्टेजवर स्पीकरची अख्खी भिंत उभी केली होती, त्यात ॲम्प मॅकिंटॉशचे आणि स्पीकर मुख्यतः जेबीएलचे. नेम तर ह्याहून भारी. सॉल्सबरीची कंपनी, तिच्या ॲम्पचे भक्त जगभर, आणि तिने स्पीकरही चांगले जिद्दीने केले, एसबीएल, डीबीएल, पुढे २००९ ला ओव्हेटर. २०११ मध्ये फ्रान्सच्या फोकल ह्या स्पीकरवाल्या कंपनीशी सोयरिक झाली आणि नंतर नेमचे स्वतःचे स्पीकर बंदच. घरात स्पीकरवाली सून आल्यावर कोण करत बसतो?

गंमत म्हणजे नेमचे ते जुने स्पीकर भिंतीला चिकटून ठेवायलाच बनवलेले होते. ठाण्याच्या फ्लॅटला ह्याहून सोयीचं काय पाहिजे! पण शौकिनांचा शास्त्रार्थ आहे की स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढे हवा, त्याशिवाय साऊंडस्टेज नाही, म्हणजे गाणारे-वाजवणारे समोर आपापल्या जागी बसल्यासारखे वाटत नाहीत. तीन फूट पुढे आणला तर आमच्याकडे तो डायनिंग टेबलवर जेवायला बसेल.

कोलशेतच्या मित्राने एकदा तर हद्द केली. खिशातून ॲलन की काढली (ॲलन की खिशात घेऊन हा माणूस लोकांकडे चहाला जातो), म्हणाला फक्त बघतो, आणि मी नको म्हणेपर्यंत वूफरचे स्क्रू सोडवून वूफर पालथा. मागे शिक्का, सीज, नॉर्वे, म्हणजे ड्रायव्हर (खोक्यातला आवाज काढणारा भाग) बनवणारी कंपनी. "बघ! ड्रायव्हर विकतचाच आहे, ह्यांनी केलं काय, खोका?" आता ह्याचे स्वतःचे स्पीकर एका स्पेशालिस्ट कंपनीचे, जी स्पीकरशिवाय काही करत नाही, आणि तिचे ड्रायव्हर त्याच नॉर्वेतून त्याच सीजकडूनच येतात, हे त्यानेच मला कौतुकाने सांगितलेलं. ते आठवण करून दिल्यावर म्हणतो, "त्यांचा क्रॉसओव्हर वेगळा असतो." (क्रॉसओव्हर म्हणजे जाड आणि बारीक आवाज वेगवेगळ्या ड्रायव्हरला वाटून देणारं सर्किट.) तेवढ्यात बायको आतून पोहे घेऊन आली, वूफर सोफ्यावर उताणा बघितला, म्हणाली, "भावजी, हे परत लावणार की तसंच टाकून जाणार?" त्याने लावला, पण एक स्क्रू सोफ्याच्या फटीत गेला तो गेलाच.

दुकानदारांचं तर विचारूच नका. त्यांच्याकडे स्पीकर कंपनीचे लहान-मोठे सगळे नमुने ओळीने मांडलेले, गिऱ्हाईक बजेटप्रमाणे पुढे सरकत जातं. ॲम्पवाल्याचं म्हणजे एक नाहीतर दोन मॉडेल, वजनाला धोंडे, जागा खातात, आणि ते घेणार कोण तर ज्याच्याकडे त्याच कंपनीचा ॲम्प आहे तोच. म्हणून ते ठेवत नाहीत, ठेवत नाहीत म्हणून कोणी ऐकत नाही, ऐकत नाही म्हणून कोणी मागत नाही. यामाहाच्या एनएस-१० चं तसंच झालं असतं. १९७८ ला घरगुती स्पीकर म्हणून आला, घरांत फारसा कोणाला आवडला नाही, मग रेकॉर्डिंग स्टुडिओवाल्यांनी उचलला, ट्विटर (बारीक आवाज काढणारा छोटा ड्रायव्हर) टोचतो म्हणून त्यावर टिश्यू पेपर चिकटवले, आणि तो पांढरा कोन जगभरच्या स्टुडिओत बसला. आमच्या स्पीकरला स्टुडिओ कुठून आणू?

ह्या सगळ्यातून सुटलेला एकच माणूस मी बघितलाय, आमच्या गल्लीतला मंडप डेकोरेटर. ॲम्प अहुजाचा, भोंगा अहुजाचा, माईक अहुजाचा. त्याला मी विचारलं, सगळं एकाच कंपनीचं कसं काय? तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "साहेब, मग वायर लावायला सोपं जातं ना."

आता आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. बिल्डर भाडं देतोय त्यात वन बीएचके बसतो, आणि बायकोने स्पष्ट सांगितलं, "तिकडे एक तर कपाट येईल नाहीतर ते दोन खोके." कपाट जिंकलं. मग स्पीकरची जाहिरात टाकली, फोटो काढले, खोका पुसून, उजेड बघून, मागे देवघर येणार नाही असे. फोटोच्या कोपऱ्यात ॲम्प थोडासा दिसत होता, चूक म्हणा काहीही म्हणा, तेव्हापासून फोन सुरू आहेत. "ॲम्प देणार का?" "फक्त ॲम्पचं काय घ्याल?" एकाने तर स्पीकर फुकट घेऊन जायची तयारी दाखवली, ॲम्पबरोबर. मी प्रत्येकाला सांगतो की ॲम्प विकायचा नाहीये, स्पीकर विकायचेत, तर समोरून थोडा वेळ काहीच नाही आणि मग तेच, "अच्छा."

काल कळव्याहून एका मुलाचा फोन आला. आवाजावरून कॉलेजातला वाटला, फार नम्र, दर वाक्याला काका. ॲम्पचं नावच काढलं नाही. मी खूश. स्पीकरची सगळी माहिती दिली, किती जुने, कुठे ओरखडा आहे, एक स्क्रू कमी आहे हेही सांगून टाकलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, ते खाली लोखंडी स्टँड दिसतायत फोटोत, ते वेगळे द्याल का?"

किती देतोस विचारलं. पैसे बरे देत होता. शनिवारी न्यायला येतोय.