दोष न काढता दोष कसे काढावेत

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने बरंच काही सांगितलं आणि त्यातलं बहुतेक आपल्याला निभावता येतं. जे सौम्य ते धन्य, ठीक आहे. चारचौघांत आपण सौम्यच असतो. अडचण होते ती बायबलातल्या मत्तय 7:1 ची. ‘तुमचे दोष काढण्यात येऊ नयेत म्हणून तुम्ही कोणाचे दोष काढू नका.’ पळवाट नाही, सवलत नाही, ‘दुपारी 1 ते 4 सोडून’ असंही काही नाही. आणि हे पाळायचं कुठे, तर पुण्यात! जिथे अनोळखी माणसाच्या संभाव्य चुकांची पाटी आधीच रंगवून फाटकाला टांगलेली असते, तिथे.

त्यात समोर तो मुलगा. क्वायरमध्ये टेनर गातो, नाताळची चांदणी तोच करतो, म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या उतरवतो. पस्तिशी आली, लग्नाचं नाव नाही, आणि हडपसरला फ्लॅट घेऊन एका ‘मित्रा’बरोबर राहतो. ‘तसा’ आहे म्हणे. आता अशा वेळी दोष काढायचे नाहीत तर विश्वासू माणसाने तोंडाचं करायचं काय? घाबरू नका. वचनही मोडणार नाही आणि मुलगाही सुटणार नाही, अशी सोय आपल्या मंडळीने, म्हणजे चर्चने, केव्हाच करून ठेवली आहे. नवख्यांसाठी ती लिहून काढतो आहे, इतकंच.

पहिली गोष्ट, ‘दोष’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ‘ओझं’ म्हणायचं. ‘त्याच्याविषयी माझ्या मनात फार ओझं आहे’ असं म्हटलं की ऐकणारा आपोआप खुर्ची पुढे सरकवतो. मग बुधवारच्या घरसभेत प्रार्थनेचे विषय मागितले जातात तेव्हा अमक्याचं गुडघ्याचं ऑपरेशन, तमकीची बारावी, आणि तिसरा विषय म्हणून हा द्यावा. नाव घेऊ नये, ते बरं दिसत नाही. ‘आपल्यातलाच एक तरुण, हडपसरकडे राहतो, लाल बुलेट आहे, प्रभूला सगळं ठाऊक आहे’ एवढं पुरे. प्रभूला ठाऊक असलेलं एव्हाना चौदा घरांनाही ठाऊक झालेलं असतं. डोळे मिटून सांगितलेल्या बातमीला चहाडी म्हणत नाहीत, हे ध्यानात ठेवा. शेवटी ‘आमेन’ आलं की ती साक्षच होते.

दुसरी गोष्ट म्हणजे शास्त्र जपून उघडायचं. लेवीय 18:22 वाचा, मोठ्याने वाचा, आणि तिथेच बोट ठेवून पुस्तक मिटा. पान उलटलं की 19:16 येतं आणि त्यात लोकांमध्ये चहाड्या करत हिंडू नको असं सरळ सांगितलेलं आहे. तीच गत रोमकरांस पत्राची. पहिल्या अध्यायातली 26 आणि 27 ही वचनं आपल्या कामाची. पुढे 29 पासून पौल एक लांबलचक यादी देतो. तिच्यात चहाडखोर, निंदक, गर्विष्ठ असे सगळे, म्हणजे स्त्री-मंडळापासून पंच कमिटीपर्यंत ओळखीचेच चेहरे, ओळीने बसवलेले आहेत. तरी धीर धरून अध्याय संपवलात, तर दुसऱ्या अध्यायाचं पहिलंच वचन म्हणतं की दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसा, तू कोणीही असलास तरी तुला सबब नाही. पौलाची ही खोड फार वाईट. माणूस ऐन रंगात आला की अध्याय बदलतो.

सदोमचं नाव घेतानाही यहेज्केल उघडू नका. सदोमचा अपराध काय, हे सांगताना तो 16:49 मध्ये गर्व, भरलेलं पोट आणि निश्चिंत सुख यांपासून सुरुवात करतो आणि गरिबाला हात न देण्यावर येतो. कोंढव्यात थ्री बीएचके घेतलेल्या माणसाने हे रविवारी सकाळी उगाच कशाला ऐकायचं?

कॅथलिक वाचकांची अडचण थोडी वेगळी आहे. जुलै 2013 मध्ये पोप फ्रान्सिस रिओहून परतताना पत्रकारांना बोलून गेले की, असा माणूस देवाचा शोध घेत असेल, त्याची भावना शुद्ध असेल, तर त्याचा न्याय करणारा मी कोण? यावर आपल्याकडचं उत्तर तयार आहे. ते विमानात बोलले होते, जमिनीवर नव्हे. प्रॉटेस्टंटांना तेवढेही कष्ट नाहीत. एरवी मरियेच्या पुतळ्यावरून ज्यांच्याशी बोलणं नसतं, त्या पोपचं ऐकायचं काहीच कारण नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात मात्र एक जागा सांभाळून घ्यावी लागते. एका परिच्छेदात त्या कृती चूक म्हटल्या आहेत, तो पाठ करावा. लगेच पुढच्या परिच्छेदात या माणसांना आदराने, सहानुभूतीने, हळुवारपणे स्वीकारावं आणि त्यांच्याशी अन्यायाचा भेदभाव करू नये असं आहे. तो नेमका परीक्षेला नसतो.

एखादा कॉलेजात जाणारा भाचा हे सगळं मोबाइलवर काढून दाखवील. त्याला सांगा, ‘हे आपल्या संस्कृतीत नाही, हे पाश्चात्त्य खूळ आहे.’ हे वाक्य सूट-टाय घालून, मेंडेल्सोहनच्या सुरांवर मंगल कार्य लावून, डेव्हिड किंवा मार्गारेट अशा नावाच्या माणसाने म्हटलं की विशेष शोभतं. शेजारचे काका आपला धर्मच परदेशी म्हणतात तेव्हा आपण थोमा प्रेषित इसवी सन 52 मध्ये केरळात उतरला ही परंपरा त्यांच्या तोंडावर फेकतो. पण ते भांडण वेगळं, हे वेगळं. असे संबंध गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं 377 कलम तरी अस्सल देशी होतं ना? मेकॉलेसाहेबाने मसुदा केला, 1860 मध्ये कायदा झाला, 1862 पासून लागू झाला. याहून जुनी भारतीय परंपरा आणखी कोणती हवी!

आणि एकोपा म्हणाल तर त्या कलमाइतका एकोपा आपल्याला कुठल्याच ऐक्य-सप्ताहाने दिलेला नाही. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांतून हे कलम बाजूला केलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात धावून गेलेल्यांत उत्कल ख्रिश्चन कौन्सिल होती, अपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स होती, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं आणि चक्क क्रांतिकारी मनुवादी मोर्चा पार्टीसुद्धा होती. इतरत्र एका पंगतीला न बसणारी ही मंडळी एका बाकावर बसली. 2013 मध्ये जिंकलीही. 2018 च्या सप्टेंबरमध्ये पाच न्यायाधीशांनी ते सगळं उलटवलं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर ते कलम उरलंच नाही. त्यामुळे आता पोलीस मदतीला येणार नाहीत. सगळं आपल्यालाच, घरच्या घरी करावं लागणार.

घाबरू नका, या कामात आपला अनुभव दांडगा आहे. फक्त तो पलीकडच्या बाजूने घेतलेला आहे.

ऑक्टोबर 1890 मध्ये याच पुण्यात, पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये, शहरातली नामांकित मंडळी जमली होती. व्याख्यान झालं, पुढ्यात चहा-बिस्किटं आली. कोणी प्यायले, कोणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं भांडण, माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, बहिष्काराची भाषा झाली आणि रानडे, टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या घोळात पडावं लागलं. एका कप चहावरून! तेव्हा चहा देणारे आपण होतो. कोणी प्यावा याची यादी करणारे दुसरे होते. आता यादी आपल्या हातात आली आहे, ही सव्वाशे वर्षांची प्रगती थोडी नव्हे.

तीच पंडिता रमाबाईंची गोष्ट. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला म्हणून पुण्याने त्यांचे इतके दोष काढले की 1893 मध्ये शारदा सदनातल्या मुली पालकांनी भराभर काढून नेल्या. मिशनच्या लोकांनाही त्या नीट पसंत पडेनात, कारण बाई प्रश्न फार विचारत. पुढे केडगावला बसून या बाईने अख्खं बायबल मूळ भाषांतून मराठीत आणलं. म्हणजे ‘दोष काढू नका’ हे वाक्य, ज्यांचे दोष साऱ्या शहराने काढले, त्यांच्याही हाताखालून गेलेलं आहे. असो. रमाबाईंचा फोटो हॉलमध्ये लावावा. थोडा उंच लावावा.

आणि आपल्या स्वतःच्या पणजोबांचं काय? ब्राह्मण घरातून आले असतील तर जित्या माणसाचं घटश्राद्ध घालून झालं. नगरकडच्या गावकुसाबाहेरून आले असतील तर वाळीत टाकण्याचे धडे त्यांनी दोनदा घेतले, एकदा जन्माने आणि एकदा बाप्तिस्म्याने. पाणी बंद, लग्नं बंद, भावकीच्या दारात पाऊल बंद. ‘घराण्याचं नाव घालवलंस’, ‘आईचा तरी विचार करायचास’, ‘कोणीतरी डोक्यात भरवलंय तुझ्या’ ही सगळी वाक्यं आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेली आहेत. त्या मुलाला बसवून बोलायची वेळ आली की नवीन काही सुचवायला नको. तीच काढायची, धूळ झटकायची, वापरायची.

बोलून भागलं नाही तर सुटका. तीन दिवसांचा उपास, डोक्याला तेल, चार दणकट भावांचे हात खांद्यावर आणि भरपूर आवाज. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, तर काढू देत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये असल्या ‘उपचारा’ला डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं, पण आपण कुठे डॉक्टर आहोत? अमेरिकेत एक्झोडस इंटरनॅशनल नावाची मोठी ख्रिस्ती संस्था हेच काम अनेक वर्षं करत होती. 2013 मध्ये तिच्या अध्यक्षांनी ज्यांना दुखावलं त्यांची माफी मागितली आणि संस्थेला टाळं लावलं. त्यांचा विश्वास कमी पडला असणार.

सगळ्यात खात्रीचा उपाय लग्न. मुलगी शक्यतो पुण्यातली नको, जालन्या-नगरकडची पाहावी. वडील मिशनच्या शाळेतून रिटायर झालेले, पाठची बहीण लग्नाची, म्हणजे चौकशी फार होत नाही. स्थळाच्या कागदावर ‘देवभीरू, निर्व्यसनी, क्वायरमध्ये गातो’ असं लिहावं. यात एक शब्द खोटा नाही, आपण खोटं बोलत नसतोच. मुलीला पुढे काय भोगावं लागेल, हा प्रश्न या सगळ्या व्यवहारात कोणीच काढत नाही, तेव्हा तुम्हीही काढू नका. (त्या मुलीबद्दल मला थट्टेनेही काही लिहिता येत नाही.) दोन वर्षांनी ती माहेरी निघून गेली तर ‘तिला जमवून घेता आलं नाही’ म्हणायचं. दोष काढायचा नाही.

मग घटस्फोट. 1869 चा कायदा आहे, वकील कॅम्पातच भेटतो. गंमत अशी की घटस्फोटाबद्दल प्रभू स्वतःच्या मुखाने, मत्तय 19 मध्ये, चांगला कडक बोललेला आहे. समलिंगी माणसांबद्दल चारही शुभवर्तमानांत त्याचा एक शब्द नाही. म्हणून आपण काम वाटून घेतलं आहे. ज्यावर तो बोलला तिथे आपण समजूतदार व्हायचं, दुसऱ्या लग्नाला आहेर घेऊन जायचं. ज्यावर तो गप्प राहिला तिथे त्याच्या वतीने ठाम राहायचं.

एवढं करून मुलगा क्वायरमध्ये राहिला तर राहू द्यावा. नाताळला टेनर लागतो. ‘पापाचा द्वेष करा, पाप्यावर प्रेम करा’ हे त्याला अधूनमधून ऐकवावं. हे वाक्य बायबलमध्ये नाही हे त्याला माहीत असण्याची शक्यता आहे, त्याने ते पुस्तक आपल्यापेक्षा जास्त वेळा आणि जास्त भीतीने वाचलेलं असतं. संडे स्कूल त्याच्याकडे देऊ नये, कमिटीवर घेऊ नये, पण चांदणी बांधायला शिडीवर चढवावं. ‘मित्र’ उपासनेला आलाच तर हसून हात मिळवावा आणि ‘कुठल्या मंडळीचे तुम्ही?’ असं विचारून उत्तर येण्याआधी पुढे सरकावं.

राहता राहिला एकच प्रसंग. तुमचाच मुलगा एखाद्या रात्री जेवण झाल्यावर ‘आई, बाबा, जरा बसा’ म्हणेल तो. तेव्हा वर लिहिलेलं काहीही वापरू नका, त्यातलं एकही घरात चालत नाही. त्या रात्री मत्तय 7:1 तुम्हाला फार सुंदर वाटेल, आणि सगळ्या मंडळीने ते पाठ करावं असंही वाटेल. मंडळीला मात्र काही कळू देऊ नका. तिने हा लेख वाचलेला आहे. मुलाला मेलबर्नला पाठवा. कोणी विचारलं तर सांगा, जॉब चांगला आहे, लग्नाचं बघतोय, तिकडेही नियमाने चर्चला जातो. खरंच जातो का, हे फोनवर त्याला विचारू नका. जात असला तर शेजारच्या खुर्चीवर कोण बसतं, तेही तो सांगून टाकील.