बोटाचे किती?

परवा एका गृहस्थांनी माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीचा भाव विचारला. आठवलं की अजून ती आखडते.

डिसेंबरातल्या लग्नासाठी वधूपिता डोंबिवलीतल्या माझ्या स्टुडिओत आले होते. हळद आणि लग्न असे दोन दिवस, दोघं फोटोला, एक व्हिडिओला, वर चाळीस पानी अल्बम: ९५,००० रुपये. ते मान डोलावण्याच्या बेतातच होते, पण सोबत त्यांचे साडू होते. बँकेतून निवृत्त. शर्टाच्या खिशात कॅल्क्युलेटर. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर त्यांचा विश्वास नाही, असं त्यांनी न विचारता सांगितलं.

"दोन दिवसांत क्लिक किती मारता?"

"तीन-साडेतीन हजार होतात, काका."

"साडेतीन धरू." टकटक. "म्हणजे क्लिकला सत्तावीस रुपये चौदा पैसे. बरोबर?"

गणित बरोबर होतं, म्हणून मी हो म्हटलं. इथेच फसलो.

"आम्हाला साडेतीन हजार नकोतच. बघणार कोण? पाचशे पुरेत." पुन्हा टकटक. "तेरा हजार पाचशे सत्तर. वरचे सत्तर सोडा."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग मी समजावायला बसलो, की काका, एवढे काढले तर त्यातून पाचशे चांगले निवडता येतात. कुठे नवरीचे डोळे मिटलेले असतात, कुठे आत्याबाईंचा पदर मधे येतो...

"म्हणजे तीन हजार फोटो तुम्ही खराब काढता?" त्यांनी चश्मा काढला. "आणि त्यांचेही पैसे आम्हीच द्यायचे?"

वधूपिता भिंतीवरच्या एका अनोळखी बाळाच्या फोटोकडे फार मन लावून बघू लागले.

"बरं, आपण असं करू," साडू आता समजुतीच्या सुरात आले. "कॅमेरा आमचा. भाच्याने न्यू जर्सीहून आणलाय, दोन वर्षं कपाटात पडून आहे. तुम्ही नुसतं यायचं आणि बटण दाबायचं. आता सांगा, बोटाचे किती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मंगलाष्टकं आम्हीच लिहून आणतो, नुसत्या सुराचे किती, असं भटजींना कोणी विचारत नाही. (हे साडू विचारत असतील. मला खात्री आहे.)

खरं तर बटणाचा हा घोळ जुना आहे. १८८८ साली ईस्टमनने पहिला कोडॅक कॅमेरा काढला, तेव्हाची त्यांची जाहिरात होती: तुम्ही बटण दाबा, बाकीचं आम्ही बघतो. जगाने पहिलं अर्ध वाक्य पाठ केलं. कॅमेरा २५ डॉलरला, आत शंभर फोटोंचा रोल. तो संपला की अख्खा कॅमेराच कंपनीकडे धाडायचा, आणि फोटो धुऊन, छापून, नवा रोल भरून द्यायचे १० डॉलर वेगळे. म्हणजे ‘बाकीचं’ तेव्हाही फुकट नव्हतं. साडू तेव्हा असते तर म्हणाले असते, रोल आम्ही घरी धुतो.

आता माझंही गणित ऐका. चांगल्या कॅमेऱ्याचं शटर दीड-दोन लाख क्लिक टिकेल, असा अंदाज कंपनीच देते. दोन लाख भागिले साडेतीन हजार, म्हणजे सत्तावन्न लग्नं. त्यानंतर शटर कधी मान टाकेल ते सांगता येत नाही, आणि मान टाकायला त्याला भर मांडवाइतकी सोयीची जागा दुसरी सापडत नाही. म्हणून दुसरा कॅमेरा गळ्यात. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरतो, कारण कार्ड उडालं म्हणून अंतरपाट पुन्हा धरत नाहीत. तो दूर होतो तो एक क्षण, आणि नेमक्या त्याच क्षणी पन्नास मोबाइल आडवे येतात, लेन्सवर अक्षतांचा मारा होतो आणि नवऱ्याच्या मामाला मला काहीतरी सांगायचं असतं. लग्नाचे दोन दिवस, पुढचे दहा-बारा दिवस स्क्रीनसमोर निवड आणि रंग. आषाढीपासून तुळशीचं लग्न लागेपर्यंत धंदा जवळपास बंद, हप्ते मात्र बाराही महिने. हल्ली पंचांगवाले आपत्कालीन मुहूर्त काढून देतात, पण आपत्काली लग्न करणारे फोटोवर खर्च करत नाहीत.

आणि जेवण! आधी वऱ्हाडी, मग घरचे, मग ड्रायव्हर, मग आम्ही. तोवर मठ्ठा संपलेला. वीस वर्षांत मला लग्नातला मठ्ठा पंचवीसेक वेळाच मिळाला असेल. हे मी गमतीत सांगत नाहीये.

यातलं एक अक्षरही मी परवा बोललो नाही. "घरी विचारून कळवतो," म्हणत दोघं उठले. दारातून साडू परतले. हयातीच्या दाखल्यासाठी पासपोर्ट फोटो हवा होता. खुर्चीवर बसवला, हनुवटी खाली करवली, खांदे सरळ करवले. आठ कॉप्या, ऐंशी रुपये. त्यांनी पाकीट उघडून आठही फोटो मोजले, दोन काढून टेबलावर ठेवले आणि साठ रुपये दिले.

"सहाच लागतात."

काल वधूपित्यांचा मेसेज आला. फोटो भाचाच काढणार आहे. मात्र कुठल्या विधीला कुठे उभं राहायचं, काय चुकवायचं नाही, याची ‘छोटीशी यादी’ पाठवाल का?

रात्री बसून पाठवली. सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत एकेचाळीस मुद्दे. बेचाळिसावा असा: साडूंचे दोन फोटो स्टुडिओत शिल्लक आहेत, वीस रुपये देऊन घेऊन जावेत.