पीडित बायकांची यादी मागणाऱ्या मेसेजला उत्तर

वहिनीने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला आणि खाली विचारलं, "वन्सं, ह्यात तथ्य आहे काय?" मेसेज सखी वन स्टॉप सेंटरबद्दल आहे, म्हणजे हिंसा सोसणाऱ्या बायकांना एकाच ठिकाणी मदत देणाऱ्या सरकारी केंद्राबद्दल. मला तो श्रीवर्धनकडूनही आला आणि वेंगुर्ल्याकडूनही. फक्त जिल्ह्याचं नाव बदललेलं. त्याचं म्हणणं असं: केंद्रात मोजक्या बायका येतात, म्हणजे गरज नाही. आलेल्यांपैकी किती जणी परत नांदायला गेल्या ते सांगा. गुन्हे कमी झाले नाहीत, म्हणजे केंद्र निकामी. बायका समाधानी असल्याचे केंद्राचे आकडे खोटे. आणि खरंच काम होत असेल तर आलेल्या बायकांची नावं, फोन नंबर जाहीर करा, गावकरी फोन करून खात्री करतील.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण त्याने नुकसान सुरू झालंय. वहिनीच्या बचत गटातल्या बायका विचारतायत, तिथे गेलं की नाव यादीत येतं का? येत नाही. बलात्कार झालेल्या बाईची ओळख छापणं किंवा जाहीर करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होते. आणि मारहाण सोसणाऱ्या बाईला असा फोन गेला तर तो उचलणार कोण? पुष्कळ घरांत फोन सासूच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात असतो. "केंद्रात गेला होतात ना, सेवा कशी वाटली?" एवढं एक वाक्य त्या घरात पडलं की रात्री काय होईल, याचा मेसेज लिहिणाऱ्याने क्षणभरही विचार केलेला नाही. आपल्याकडे तर नावाचीही गरज नसते. वीस घरांच्या वाडीत "दोन मुलींची आई, नवरा बोटीवर" एवढं अहवालात छापलं तरी माणसं बोट दाखवतात. म्हणून हिंसा सोसलेल्या बायकांच्या अभ्यासात गाव, वय, व्यवसाय मुद्दाम ढोबळ ठेवतात, आणि बाईनेच दिलेल्या नंबरवर, तिने सांगितलेल्या वेळी, आधी ठरलेल्या निमित्तानेच फोन करतात.

हे मी मनाने रचलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) बघा. हिंसेचे प्रश्न एका घरातल्या एकाच बाईला विचारले जातात, तेही कुणी ऐकत नसेल तरच. एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून देतात. देशातलं एवढं मोठं सर्वेक्षण माहिती सोडून द्यायला तयार आहे, आणि आपले गावकरी फोन लावून खात्री करणार!

केंद्रात बायका कमी येतात, याचंही उत्तर त्याच सर्वेक्षणात आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांनी ती थांबावी म्हणून मदत मागितली. ७७ टक्के बायका कुणाशी बोलल्यासुद्धा नाहीत. ज्यांनी मागितली त्यांतल्या बहुतेकींनी ती माहेरच्या माणसांकडे मागितली. मग केंद्राच्या नोंदवहीवरून गरज कशी मोजणार? मंडणगडच्या आतल्या वाडीतून रत्नागिरीचं केंद्र गाठायचं तर एसटीत दिवस जातो, आणि घरी काय सांगून निघायचं हा प्रश्न वेगळाच. न आलेल्या बायकांपर्यंत पोचायचं तर आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, माहेरची माणसं यांच्याशी बोलावं लागतं. तेही कुणा एकीचं नाव न विचारता.

नांदायला परत गेलेल्या बायका मोजणं मला सर्वात जास्त खुपलं. गावकीने बसवून समेट केला, बाई परत गेली, पुन्हा मार खाल्ला, तर हिशेबात ती यश म्हणून जमा! मोजायचं तर सहा महिन्यांनी ती सुरक्षित आहे का, ते मोजा.

गुन्ह्यांचा मुद्दा तर टिकतच नाही. आधार मिळाला की तक्रारी वाढतात, त्यामुळे नोंदलेले गुन्हे वाढणं हे कधीकधी केंद्र चालत असल्याचंच चिन्ह असतं.

समाधानाच्या आकड्यांबद्दल मात्र मेसेजवाल्याचं थोडं मान्य करावं लागेल. जिने मदत केली तिच्यासमोरच फॉर्म भरायचा, तर कोण वाईट लिहील? शिवाय मध्येच येणं सोडलेल्या बाईला कुणी विचारतच नाही. असे आकडे मीही मानत नाही. पण त्यावर उपाय बाहेरच्या, प्रशिक्षित मुलाखतकार बाईकडून विचारून घेणं हा आहे. केंद्राला टाळं लावल्याने काय कळणार?

आणि हिशेबच हवा असेल तर तो कागदांवरून, एकाही बाईला न छेडता मागता येतो. बलात्काराची माहिती मिळाल्यापासून २४ तासांत पीडितेला वैद्यकीय तपासणीसाठी पाठवलं का? ९० दिवसांत पोलिसांनी तपासाची प्रगती तिला कळवली का? विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवलेल्या किती जणींना वकील मिळाला, बलात्कार, ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना अर्थसहाय्य देणाऱ्या मनोधैर्य योजनेचे किती अर्ज पडून आहेत? हे प्रश्न माहिती अधिकारात टाका, मी स्वतः अर्ज लिहून देते. वहिनीला सांगितलंय, गटातल्या बायकांना एवढंच कळव: नाव कुठेही जाहीर होत नाही, आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे.