शिकाऱ्यांचे भवितव्य व्होल ठरवतो

वन्यजीवांविषयी लिहिताना आपले सगळे कौतुक शिकार करणाऱ्याच्या वाट्याला जाते. घुबडाचे डोळे आणि कोल्ह्याची झेप यांवर भरभरून लिहिले जाते. पण ज्याच्या जिवावर हे प्राणी पिल्ले वाढवतात, त्या व्होलची दखल क्वचितच कोणी घेते. मला हे खटकते, कारण युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेच्या मोठ्या भूभागात यंदा किती घुबडे अंडी घालतील आणि किती पिल्ले जगतील, हे प्रामुख्याने या लहानशा प्राण्यावर ठरते.

व्होल हा उंदरासारखाच कुरतडणारा प्राणी आहे. तोंड बोथट, शेपूट आखूड, कान केसांत जवळजवळ बुडालेले आणि कुरणात राहणाऱ्या बऱ्याच जातींचे वजन २० ते ५० ग्रॅमच्या आसपास. तो मुख्यतः गवत खातो आणि गवताच्या बुडाशी कुरतडून आपल्या वाटा तयार करतो. गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो आणि काही जातींच्या माद्या जन्मानंतर महिनाभरातच वयात येतात. कुरणातल्या गवताचे मांस करून ते शिकाऱ्यांपर्यंत इतक्या वेगाने पोहोचवणारा दुसरा प्राणी तिकडे सहजासहजी सापडणार नाही.

हे पाहायचे असेल तर गव्हाणी घुबडाने ओकून टाकलेली गोळी पाण्यात भिजवून हळूहळू सोडवावी. घुबड शिकार बहुधा अख्खी गिळते आणि न पचलेले केस व हाडे काळपट गोळीच्या रूपात बाहेर टाकते. भिजलेल्या केसांच्या लगद्यातून आधी बरगड्या निघतात, मग जबडे, मग अखंड कवट्या. व्होलच्या दाढांवर ओळीने त्रिकोणांची नागमोडी नक्षी असते, त्यामुळे तो इतर उंदरांपासून लगेच वेगळा ओळखता येतो. ब्रिटनमध्ये अशा गोळ्यांत सर्वाधिक आढळतो तो शेतव्होल. आयर्लंडमध्ये हा शेतव्होल नाहीच, म्हणून तिथल्या घुबडांना रानउंदरांसारख्या अन्य भक्ष्यावर भागवावे लागते.

हिवाळ्यातही ही शिकार थांबत नाही. जाड बर्फाखाली जमिनीलगतचे तापमान गोठणबिंदूच्या आसपास टिकून राहते आणि व्होल तिथे बोगदे करून वावरतात. करडे मोठे घुबड बर्फाआडची त्यांची खुडबुड केवळ कानांनी हेरते आणि सुमारे अर्धा मीटर बर्फ फोडून खाली झेपावते. वीझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या छोट्या शिकाऱ्याचे शरीर तर इतके सडपातळ असते की तो थेट व्होलच्या बोगद्यातच शिरतो.

उत्तर युरोपात व्होलची संख्या साधारण तीन ते पाच वर्षांच्या चक्रात वाढते आणि कोसळते. अशा चढउतारांवर चार्ल्स एल्टन यांनी १९२४ मध्येच लक्ष वेधले होते. भरभराटीच्या वर्षी टेंगमाल्म घुबड जास्त अंडी घालते; घसरणीच्या वर्षी अनेक जोड्या घरटेच करत नाहीत. व्होल संपत आले की कोल्हे ससे आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या ग्राउस पक्ष्यांकडे वळतात, म्हणजे ज्या पक्ष्याचा व्होलशी काही संबंध नाही, त्याच्या पिल्लांनाही व्होलच्या दुष्काळाची झळ बसते. शिकारी या चक्रात निष्क्रिय असतात, असे मात्र मी म्हणणार नाही. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात काही क्षेत्रांतले शिकारी कमी करून पाहिले, तेव्हा तिथली व्होलची घसरण थांबली. वीझलसारखा शिकारी व्होलच्या मागून वाढतो आणि ते कमी होऊ लागले तरी काही काळ त्यांना खातच राहतो.

म्हणूनच शेतातल्या व्होलवर सरसकट विष टाकण्याला माझा ठाम विरोध आहे. शेतकऱ्याचे नुकसान खरे असते. २००७ मध्ये स्पेनच्या कास्तिया-लेओन प्रदेशात व्होल बेसुमार वाढले आणि पिकांची मोठी हानी झाली. पण रक्त गोठू न देणारी विषे व्होलला लगेच मारत नाहीत. तो काही दिवस सुस्तावलेल्या अवस्थेत उघड्यावर फिरतो, नेमका तोच शिकाऱ्याच्या तावडीत सापडतो आणि विष त्याच्या पोटातून घुबडाच्या यकृतात साठते. जे पक्षी ही वाढ आटोक्यात ठेवायला फुकट मदत करतात, त्यांनाच आपण त्याच उपायाने मारतो. त्याच प्रदेशात पुढे गव्हाणी घुबड आणि केस्ट्रेल (एक छोटा ससाणा) यांच्यासाठी शेतांमध्ये घरट्यांच्या पेट्या उभारण्यात आल्या, ही दिशा मला योग्य वाटते. मात्र पेटी लावून काम संपत नाही. आसपासचे सगळे गवत मुळापर्यंत छाटलेले असेल, तर घुबडाला शिकार करायला जागा उरत नाही. शेताच्या बांधावर आणि ओढ्याकाठी काही मीटर रुंदीचा उंच, दाट गवताचा पट्टा वर्षानुवर्षे न कापता राखला, तरच त्या पेटीत पिल्ले वाढण्याची आशा धरता येते.