होल्डो गप्प राहिली ते बरोबरच होतं

‘स्टार वॉर्स : द लास्ट जेडाय’ डिसेंबर २०१७ मध्ये आला, तेव्हापासून एक दावा सारखा फिरतो आहे. व्हाइस अ‍ॅडमिरल होल्डो ही नालायक आणि अविश्वासू सेनानी आहे, तिनं आपली योजना तिच्या हाताखालच्या पो डॅमरनला वेळेवर सांगितली असती तर बंड झालं नसतं, फितुरी झाली नसती आणि रेझिस्टन्सची शेकडो माणसं वाचली असती, असा तो दावा. सांगणारा बदलतो तसे शब्द बदलतात, मुद्दे मात्र तेच राहतात. तिच्याकडे योजनाच नव्हती. असलीच तर लपवायला कारण नव्हतं. खरा सेनापती आपल्या माणसांना विश्वासात घेतो. शेवटी तिनं आपलं जहाज शत्रूवर घातलं, ते आधीच करता आलं असतं. मला हा दावा मुळातच चुकीचा वाटतो. होल्डोच्या हातून चुका झाल्या, त्यांच्याबद्दल पुढे लिहितो. पण त्या चुका या दाव्यात कुठेच सापडत नाहीत.

चित्रपट पाहून बरीच वर्षं झाली असतील त्यांच्यासाठी प्रसंग थोडक्यात. फर्स्ट ऑर्डर या जुलमी सत्तेचा ताफा तिच्याशी लढणाऱ्या रेझिस्टन्स या छोट्या फौजेच्या उरल्यासुरल्या तीन जहाजांचा पाठलाग करतो आहे. प्रकाशवेगानं निसटून गेलं तरी शत्रू माग काढतो, आणि आता आणखी एकाच उडीपुरतं इंधन शिल्लक आहे. मुख्य जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे नियंत्रणकक्षावर, हल्ला होतो, अ‍ॅडमिरल अ‍ॅकबार आणि इतर वरिष्ठ मरतात, रेझिस्टन्सची प्रमुख जनरल लिया बेशुद्ध पडते. सूत्रं होल्डोकडे येतात. वैमानिक पो तिला योजना विचारतो आणि ती सांगत नाही. मग पो फिन आणि रोझ या सहकाऱ्यांना परस्पर, शत्रूचं माग काढणारं यंत्र बंद करण्याच्या मोहिमेवर पाठवतो आणि पुढे होल्डोविरुद्ध बंड करतो. होल्डोची योजना अशी होती : मोठं जहाज सरळ पुढे जात राहायचं, शत्रूचं लक्ष त्याच्यावर खिळलेलं असताना माणसांनी लहान वाहतूक यानांतून क्रेट नावाच्या ग्रहावरच्या जुन्या तळावर उतरायचं आणि तिथून मित्रांना हाक द्यायची.

‘तिच्याकडे योजनाच नव्हती’ हा मुद्दा इथेच निकालात निघतो. लिया शुद्धीवर येऊन पोला बेशुद्ध करते आणि बंड मोडते; नंतर शुद्धीवर आलेला पो तिच्याच तोंडून ही योजना ऐकतो, आणि ती जमेल असं त्याचंही मत पडतं. ज्याच्या वतीनं हा दावा केला जातो त्यानंच मान्य केल्यावर आपण वाद घालण्यात अर्थ नाही.

खरा वाद गुप्ततेचा आहे, आणि तिथं जरा थांबायला हवं.

या योजनेचं सगळं बळ एका गोष्टीवर उभं होतं. शत्रू लहान यानं शोधत नव्हता. त्याच्याकडे ती शोधायची क्षमता होती, फक्त तसं करायचं त्याला सुचलेलं नव्हतं. याचा अर्थ, ‘लहान यानांवर लक्ष ठेवा’ एवढं एक वाक्य शत्रूच्या कानावर पडलं की सगळं संपलं. काही योजना अर्ध्या फुटल्या तरी निभावतात. तोफा जास्त असतील, माणसं जास्त असतील तर शत्रूला कळूनही जिंकता येतं. होल्डोकडे तोफा नव्हत्या, आणि बाकीची दोन्ही जहाजं गेल्यावर उरलेली माणसं एकाच जहाजावर गोळा झाली होती. तिच्या हाताशी फक्त शत्रूचं अज्ञान होतं. अशा वेळी किती जणांना सांगायचं याचं उत्तर एकच असतं : ज्यांच्यावाचून काम अडेल तेवढ्यांनाच.

पोवाचून काम अडत होतं का? हा प्रश्न दावा करणारे विचारतच नाहीत. पो लढाऊ विमान चालवणारा आहे, आणि शत्रूच्या कायलो रेनच्या हल्ल्यात जहाजावरचा हँगर विमानांसकट उडाला होता. पोचं स्वतःचं एक्स-विंग विमानसुद्धा त्यात गेलं. त्या घडीला या योजनेत त्याच्या वाट्याला काहीच काम नव्हतं. तो माहिती मागत होता ती काम करण्यासाठी नव्हे, मनाला धीर वाटावा म्हणून. ती मागणी माणसाला शोभणारी आहे. पण चारशे जणांचा जीव टांगणीला असताना सेनानीनं ती पुरवलीच पाहिजे, असं कुठल्याही सैन्यात नसतं.

आणि त्या सकाळीच पोनं काय केलं होतं? लियानं माघारीचा हुकूम दिला असताना त्यानं संपर्क बंद केला, शत्रूच्या ड्रेडनॉट या अजस्त्र युद्धजहाजावर हल्ला पुढे रेटला, ड्रेडनॉट पाडलं आणि बदल्यात सगळी बॉम्बर विमानं त्यांच्या माणसांसकट गमावली. लियानं त्याला कमांडर पदावरून कॅप्टन केलं ते यासाठी. होल्डोनं सूत्रं घेतली तेव्हा तिच्यासमोर उभा असलेला अधिकारी असा होता : शूर, कुशल, लोकप्रिय, आणि न पटलेला हुकूम मोडण्याची शिक्षा नुकतीच भोगलेला. आपल्याला पो आवडतो कारण आपण त्याच्याबरोबर आधीचा चित्रपट पाहिलेला आहे. होल्डोनं तो पाहिलेला नाही.

यावर एक उत्तर नेहमी येतं, आणि ते टाळण्यासारखं नाही. पोला आधी सांगितलं असतं तर त्यानं फिन आणि रोझला पाठवलंच नसतं, ते वाटेत भेटलेल्या डीजे या भामट्याला घेऊन शत्रूच्या जहाजावर गेलेच नसते आणि डीजेनं फितुरी केलीच नसती. घटनांचा क्रम पाहिला तर हे शक्य आहे. पण या साखळीतला निर्णायक दुवा लोक गाळतात. डीजेला यानांची बातमी कुठून मिळाली? फिन आणि रोझ शत्रूच्या जहाजाकडे निघाले असताना पोनं त्यांना संपर्कयंत्रावर सांगितलं की होल्डो माणसांना यानांत भरून जहाज सोडणार आहे. डीजे शेजारीच बसून ऐकत होता. पोला योजनेचा फक्त एक तुकडा कळला होता आणि तोच तुकडा त्यानं, पलीकडे कोण ऐकतं आहे याची चौकशी न करता, जहाजाबाहेर पाठवला. त्याच तुकड्यावर पुढे फर्स्ट ऑर्डरनं शोध घेतला आणि यानं एकेक करून टिपली. होल्डोला ज्याची भीती वाटायला हवी होती तेच अक्षरशः घडलं, आणि ते तिनं ज्याच्यापासून माहिती राखून ठेवली त्याच्याच तोंडून घडलं. या चित्रपटात गुप्ततेच्या बाजूनं याहून मोठा पुरावा हवा तरी कशाला?

शिवाय पोनंही तेच केलं. फिन-रोझची मोहीम ठरली तेव्हा होल्डो याला कधीच परवानगी देणार नाही, असं सी-थ्रीपीओ हा यंत्रमानव म्हणतो. पोचं उत्तर असं की ज्याला गरज आहे त्यालाच ही गोष्ट कळेल, आणि होल्डोला ती गरज नाही. म्हणजे गुप्ततेचा नियम पोला मान्य आहे. त्याला फक्त तो स्वतःला लागू झालेला नको आहे. एका कॅप्टननं आपल्या प्रमुखापासून मोहीम लपवली याला धाडस म्हणायचं आणि प्रमुखानं कॅप्टनपासून योजना राखून ठेवली याला विश्वासघात, हे मला कुठल्याच बाजूनं पटत नाही.

आता ‘खरा सेनापती सगळं सांगतो’ या मुद्द्याकडे येऊ. याची जी भक्कम बाजू आहे तिचा मान ठेवायला हवा. आधुनिक सैन्यांत सेनानीनं आपला हेतू खालपर्यंत पोहोचवावा, म्हणजे संपर्क तुटला तरी कनिष्ठ अधिकारी योग्य निर्णय घेऊ शकतात, हे तत्त्व खरोखर शिकवलं जातं. पण ते तत्त्व ज्यांना काम करायचं आहे त्यांच्यासाठी आहे, आणि तिथंही वेळ ठरलेली असते. एप्रिल १९४२ मध्ये जेम्स डूलिटल यांच्या नेतृत्वाखाली १६ बी-२५ विमानांनी जपानवर हल्ला केला. त्यांतले ८० जण स्वखुशीनं आले होते आणि फ्लोरिडातल्या एग्लिन तळावर त्यांनी अगदी कमी अंतरात उड्डाण करण्याचा सराव केला होता. कुठं जायचं आहे हे त्या सर्वांना अधिकृतपणे सांगितलं गेलं ते ‘हॉर्नेट’ ही विमानवाहू नौका सॅन फ्रान्सिस्को सोडून समुद्रात गेल्यावर. जीव त्यांचा, विमान त्यांचं, तरीही. जून १९४४ च्या नॉर्मंडीच्या स्वारीआधीही हेच झालं. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या छावण्या आधी बंद केल्या गेल्या, आत-बाहेर जाणं थांबलं, आणि मगच सैनिकांना कुठल्या किनाऱ्यावर उतरायचं ते नकाशांवर दाखवलं गेलं. माहिती बाहेर पडायची वाट आधी बंद करायची आणि मग सांगायचं, हा क्रम दोन्हीकडे पाळला गेला. या सेनानींना कोणी अविश्वासू म्हणत नाही.

होल्डोच्या जहाजावर ती वाट बंद होती का? मुळीच नव्हती. फिनला रोझ भेटते तो प्रसंग आठवा. ती सुटका-कुपींपाशी, म्हणजे संकटात जहाज सोडण्यासाठीच्या छोट्या यानांपाशी, पहारा देते आहे आणि पळू पाहणाऱ्या तिघांना तिनं त्याच दिवशी बेशुद्ध केलं आहे. लोक तेव्हाच पळत होते. ‘आपण जहाज सोडून नि:शस्त्र यानांतून एका ओसाड ग्रहावर जाणार आहोत’ ही बातमी जहाजभर झाली असती तर कुपींपाशी किती जण धावले असते? आणि वेळेआधी सुटलेली एकच कुपी क्रेटच्या दिशेनं गेली असती तर शत्रूला वेगळी खबर द्यावी लागली नसती. लोक या प्रसंगाकडे फिन-रोझची ओळख म्हणून पाहतात आणि पुढे जातात. मला तो होल्डोच्या निर्णयाचा आधार वाटतो.

होल्डोची बाजू घेणारे काही जण म्हणतात की तिला जहाजावर हेर असल्याचा संशय होता, म्हणून ती गप्प राहिली. चित्रपटात असं कुठेही म्हटलेलं नाही, आणि तिच्या बचावासाठी त्याची गरजही नाही. वर सांगितलेली कारणं पुरेशी आहेत.

तिच्या पोशाखावरून आणि जांभळ्या केसांवरून ती अ‍ॅडमिरल वाटत नाही, हा आक्षेप इतक्यांदा ऐकला आहे की दोन वाक्यं लिहितोच. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये सगळ्या बंडखोरांची प्रमुख मॉन मॉथमा पांढऱ्या झग्यात उभी राहून मोहिमेची माहिती देते, आणि तिच्या कपड्यांवरून तिची लायकी कोणी काढली नाही. होल्डोला पाहून पो चकित होतो तेही तिनं एका लढाईत मिळवलेलं नाव त्यानं आधीच ऐकलेलं असतं म्हणून.

मग शेवटचा मुद्दा : जहाज शत्रूवर घालायचंच होतं तर आधी का नाही घातलं? कारण ते जहाज आमिष होतं. ते सरळ पुढे जात होतं तोवरच शत्रूचे डोळे त्याच्यावर होते. ते वळलं असतं तर यानं सुटण्याआधीच डाव उघडा पडला असता. शिवाय ती धडक जमली ती शत्रूनं तिच्याकडे दुर्लक्ष केलं म्हणून. रिकामं जहाज आपलं लक्ष विचलित करू पाहतं आहे असं समजून फर्स्ट ऑर्डरचा जनरल हक्स यानांवरच मारा चालू ठेवायला सांगतो. २०१९ च्या पुढच्या चित्रपटात तर फिनच म्हणतो की असा डाव लाखात एकदा साधतो. पूर्वनियोजित योजना म्हणून त्यावर चारशे माणसं लावणारी सेनानी मला भीतिदायक वाटली असती.

विश्वासार्हता मोजायची तर ती कृतीवरून मोजावी. कोणीतरी मागे राहून जहाज चालवायला हवं होतं, आणि तिनं ते काम दुसऱ्या कोणाला दिलं नाही. बंड करणाऱ्या पोला लियानं बेशुद्ध केल्यावर त्याला शिक्षा कशी करायची याचा विचार होल्डो करत नाही, पोरगा आपल्याला आवडतो असं म्हणते. जिचा अहंकार दुखावला म्हणून ती गप्प बसली असा आरोप होतो तिचं हे वागणं आहे. आणि लिया, जिच्यावर या चित्रपटात कोणाचाही अविश्वास नाही, शुद्धीवर येताच क्षणभरही न थांबता होल्डोची बाजू घेते.

तर मग तिचं चुकलं कुठं? दोन ठिकाणी, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिली चूक जहाजाच्या बंदोबस्ताची. कोणाच्या लक्षातही न येता फिन आणि रोझ एक यान घेऊन निघून जातात, आणि पो हवं तेव्हा बाहेर संपर्क साधू शकतो. गुप्ततेवर सगळं अवलंबून असलेल्या सेनानीनं बाहेर जाणारा प्रत्येक संदेश आपल्या हातात ठेवायला हवा होता. गप्प राहायचा निर्णय घेतला तर तो पुरताच अमलात आणायला हवा. तिनं तो अर्धाच अमलात आणला.

दुसरी चूक पोला हाताळण्याची. सगळ्यांसमोर त्याला उतावळा आणि धोकादायक म्हणून तिनं त्याचा अपमान केला आणि मोकळा सोडला. चारचौघांत दुखावलेला, कनिष्ठ अधिकाऱ्यांत मान असलेला आणि हातात काम नसलेला माणूस बंडाकडे वळतो, यात नवल नाही. लेफ्टनंट कॉनिक्ससारखे लोक त्याच्यामागे गेले ते त्याच्यावरच्या प्रेमापोटी. त्यांना थोपवण्यासाठी योजना सांगायची गरज नव्हती. ‘योजना आहे, लियाला ठाऊक आहे, वेळ आली की तुला सगळ्यात आधी बोलावीन’ एवढं त्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. आणि नंतर, यानांत इंधन भरायला सुरुवात झाली तेव्हा, ती यानं चालवायला वैमानिक लागणारच होते. त्यांचा प्रमुख म्हणून पोला तिथं नेमता आलं असतं. तो फिन-रोझशी बोलायला मोकळाही राहिला नसता, आणि त्याच्या हाताखाली यानं बहुधा अधिक वेगानं भरली गेली असती.