पांढरी दोनच्या वर, काळी दोनच्या खाली

आमच्या माहितीप्रमाणे खान्देशात जॅझ ऐकणारे आम्ही तिघं. आणखी कुणी असेल तर तो लपून ऐकत असणार. भुसावळचे गार्डसाहेब, धुळ्याचे चष्मेवाले आणि अमळनेरला मी, निवृत्त गणित मास्तर. वर्षातून दोनदा माझ्याकडे बैठक होते. एक हिवाळ्यात, भरताची वांगी आल्यावर. ती वांग्यांमुळेच रंगते, संगीत नावाला असतं. दुसरी मे महिन्यात, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन माहेरवाशिणी परत गेल्या की. या दिवसांत दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारं-खिडक्या लावून, कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतून, आम्ही निवांत भांडतो.

गार्डसाहेबांचं जॅझ रेल्वे क्वार्टरमधलं. लहानपणी रात्री वडिलांच्या रेडिओवर शॉर्टवेव्हला व्हॉइस ऑफ अमेरिका लागायचं. विलिस कोनोव्हर नावाचा निवेदक एकेक शब्द सुटा करून सावकाश बोलायचा, आणि कार्यक्रमाची सुरुवात ड्यूक एलिंग्टनच्या ‘टेक द ए ट्रेन’ने व्हायची. गाडीवरचं गाणं आहे एवढं कळलं आणि मुलगा रेडिओपाशी बसला तो बसलाच. ती ए ट्रेन म्हणजे न्यूयॉर्कची भुयारी लोकल, हे त्यांना नोकरी लागल्यावर समजलं. थोडं वाईट वाटलं म्हणे. त्यांच्या मनात ती इतकी वर्षं बडनेऱ्याच्या बाजूने येत होती. अजूनही नावात गाडी असली की ते रेकॉर्ड घेऊन टाकतात. जॉन कोल्ट्रेनच्या १९५७ च्या ‘ब्लू ट्रेन’च्या त्यांच्याकडे दोन प्रती आहेत. एक अप, एक डाऊन.

चष्मेवाल्यांचं दैवत वेगळं. रूडी व्हॅन गेल्डर. हा माणूस दिवसा लोकांचे डोळे तपासायचा आणि उरलेल्या वेळात न्यू जर्सीत, हॅकेन्सॅकला, आईवडिलांच्या दिवाणखान्यात ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करायचा. ‘ब्लू ट्रेन’ त्याच दिवाणखान्यातली. १९५९ मध्ये स्वतःचा मोठा स्टुडिओ उभा राहिला तेव्हा कुठे त्याने चष्म्यांचा धंदा सोडला. ही हकीकत आमचे चष्मेवाले दर बैठकीत सांगतात. आपलंही तसंच होणार होतं, फक्त आपल्या आईवडिलांना दिवाणखाना नव्हता, असा एकूण सूर.

रेकॉर्ड हातात आली की हे गृहस्थ ती ऐकत नाहीत, बघतात. दुकानातलं भिंग डोळ्याला लावून लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर ‘आरव्हीजी’ हा ठसा शोधतात. मग कानाच्या आकाराची एक बारीक खूण. ती सापडली तर रेकॉर्ड प्लास्टिलाइटच्या कारखान्यात दाबलेली, म्हणजे ब्लू नोटची अस्सल जुनी. आजवर ती एकदाच सापडली, गार्डसाहेबांच्या एका प्रतीवर. चष्मेवाले ओरडले, “कान सापडला!” सौ.ने आतून विचारलं, “कुणाचा?”

आता माझं दुखणं. माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवाल्याची ‘काइंड ऑफ ब्लू’ मी १९८६ साली मुंबईला पेपर तपासायला गेलो असताना चोरबाजारातून साठ रुपयांना आणली. त्या दिवसापासून ती घरात नांदतेय. पहिल्याच ‘सो व्हॉट’ या गाण्यात बास, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, काहीतरी विचारतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. सौ. पोळ्या लाटताना तो बासचा तुकडा गुणगुणते आणि उत्तराच्या जागी “अस्सं… का” म्हणते. तिला जॅझ आवडतं का, असं विचारलं तर नाही म्हणेल.

पुढे कधीतरी वाचण्यात आलं की या रेकॉर्डची पहिली बाजू मुळातच चुकलेली आहे. २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत मुद्रण झालं तेव्हा टेपचं मुख्य यंत्र जरा हळू चालत होतं. हळू चाललेल्या यंत्रावर भरलेली टेप नीट चालणाऱ्या यंत्रावर लावली की ती पळते आणि सूर चढतो. दुसऱ्या बाजूचं मुद्रण २२ एप्रिलला झालं, ती बाजू ठीक आहे. सुदैवाने मार्चमधल्या त्या दिवशी शेजारी एक जादा यंत्रही चालू ठेवलेलं होतं आणि त्याचा वेग बरोबर होता. त्या टेपवरून १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्ती झाली. म्हणजे तेहेतीस वर्षं अख्ख्या जगाने चढलेला माइल्स ऐकला. जगाचं जाऊ द्या, मी गणिताचा मास्तर. उत्तर चुकीचं आहे हे कळल्यावर त्याच्याबरोबर संसार कसा करायचा?

नवी, दुरुस्त, १८० ग्रॅम वजनाची आवृत्ती मागवली. किंमत तीन हजार आठशे. सौ.ला आठशे सांगितली.

पार्सल आलं तेव्हा मी बँकेत गेलो होतो. मे महिना, दुपारचे बारा, गच्चीवर सौ. आणि शेजारच्या दोघी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होत्या. कुरिअरचा पोरगा जिना चढून वर आला आणि पुठ्ठ्याचा चपटा चौकोन तिच्या हातात देऊन गेला. तेवढ्यात वावटळ सुटली. बिबड्यांवरचं जुनं पातळ उडायला लागलं. एका कोपऱ्यावर पाटा होता, दुसऱ्यावर वरवंटा, तिसऱ्यावर वीट. चौथ्यावर काय ठेवलं हे मला चार वाजता कळलं.

रेकॉर्ड काढून आडवी धरली. एका बाजूने वर उचललेली, मध्ये फुगलेली, कडेला हलकीशी झालर. रंग सोडला तर बिबड्यात आणि तिच्यात फरक नव्हता. “तळून बघा,” असं सौ. म्हणाली नाही, पण तिच्या तोंडावर ते आलं होतं. दोन काचांमध्ये रेकॉर्ड घालून वर तोच पाटा ठेवला. आठ दिवसांनी झालर गेली, फुगा राहिला. सुई त्या जागी आली की होडीत बसल्यासारखी वर जाते आणि खाली येते.

बैठकीच्या दिवशी गार्डसाहेब सुरतेकडच्या पॅसेंजरने उतरले आणि चष्मेवाले एसटीने. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी झाली आणि विषय निघाला: जुनी खरी की नवी?

गार्डसाहेब म्हणाले, “जुनीच. तेहेतीस वर्षं गाडी त्याच टायमाला सुटत होती, लोकांनी घड्याळं तिच्यावर लावली. आता टाईमटेबल चुकलं होतं म्हणून कसं चालेल?”

“अहो, मुळात नंबर चुकलेला होता,” चष्मेवाले म्हणाले. “तेहेतीस वर्षं चुकीच्या नंबरचा चष्मा वापरला म्हणून तो काय बरोबर होतो?”

मी फळ्याजवळ उभा राहिल्यासारखा उभा राहून वेग आणि सुराचं गुणोत्तर समजावलं. सप्तकाचे बारा भाग, प्रत्येक पायरीला सुमारे सहा टक्के. जुनी लावली, नवी लावली, पुन्हा जुनी लावली. मध्ये पाऊण तास लाईट गेली. कूलर थांबला, भांडण चालू राहिलं. दोन तासांत आवाज इतके चढले की रेकॉर्ड कमी करावी लागली.

आता एक कबुली देऊन टाकतो, ते दोघं हे वाचणार नाहीत अशा भरवशावर. तिघांपैकी एकालाही फरक कानाने कळत नव्हता. नव्या रेकॉर्डचं डोलणं दिसत होतं म्हणून ऐकू येत होतं, इतकंच. चढलेला सूर आम्हाला वाचून माहीत होता. मी डोळे मिटून मान हलवली तेव्हा चष्मेवाल्यांनी विचारलं, “जाणवतंय ना?” मी म्हणालो, “म्हणजे काय!” त्या वेळी जुनी चालू आहे की नवी, हे पाहायला मी डोळे उघडले.

तेवढ्यात आमच्या गल्लीतले भजनी बुवा आले. संध्याकाळी वाडीकडे भजन होतं, ऊन उतरेपर्यंत सावलीला टेकावं म्हणून शिरले. पेटी खांद्यावरून उतरवून कोपऱ्यात बसले. जुनी रेकॉर्ड चालू होती.

“काय चाली राहिनं मास्तर?”

मी म्हटलं, अमेरिकेचं आहे, तुम्हाला नाही रुचणार. बुवा दोन मिनिटं गप्प बसले. मांडीवर बोट आपटत होते.

“काफी शे,” ते म्हणाले.

“नको, नको,” गार्डसाहेब घाईने म्हणाले, “उन्हात चहाच बरा.”

बुवा काफी रागाबद्दल बोलत होते. त्यांनी गार्डसाहेबांकडे नुसतं बघितलं. मग पेटीचं झाकण सरकवलं, भाता सोडला आणि पांढरी दोन दाबली. ऐकलं. बोट उचलून काळी दोनवर ठेवलं. पुन्हा ऐकलं. परत पांढरीवर आले. भाता चालूच. कपाळाला आठी पडली. पेटीला कान लावला, मग यंत्राकडे मान वळवून बघितलं, हिशेबात कमी पडणाऱ्या गिऱ्हाइकाकडे वाणी बघतो तसं.

“पांढरी दोन ना वर शे, काळी दोन ना खाले शे. तुमनं मशीन पयी राहिनं मास्तर.”

यंत्र पळतंय म्हणे. घरात कुणी बोललं नाही. ट्रम्पेट तेवढा वाजत राहिला. बुवाच पुढे म्हणाले, “आठे एक घर चढतस, मंग उतरी येतस.” आणि खरंच, मधल्या आठ बारांच्या, म्हणजे आपल्या बत्तीस मात्रांच्या, टप्प्यासाठी गाणं अर्ध्या सुराने वर सरकतं आणि परत येतं. ‘सो व्हॉट’ची सगळी रचना एवढीच आहे. ती मला एका जाड पुस्तकाची चाळीस पानं वाचून समजली होती. बुवांनी बार मोजले नव्हते, त्यांना नुसतं घर बदललेलं कळलं.

मी नवी रेकॉर्ड लावली. हात जरा थरथरत होता. बुवांनी पांढरी दोन दाबली आणि तोंड उजळलं. “आते बरोबर शे.” चष्मेवाल्यांनी गार्डसाहेबांकडे विजयी नजर टाकली. ती निम्मी पोचली असेल तोवर सुई फुग्यावर चढली.

“पन गानं आखाजीना झोका खेळी राहिनं,” बुवा म्हणाले.

मग किंमत निघाली. मी आठशे म्हणालो, कारण सौ. चहा घेऊन दारात उभी होती. चष्मेवाल्यांनी भाबडेपणाने दुरुस्ती केली. बुवांचं म्हणणं असं पडलं की एवढ्याशासाठी चार हजार कशाला घालवले? आपल्याला सांगायचं, दोनशे रुपयांत पेटीचे सूर घासून त्या जुन्या रेकॉर्डला लावून दिले असते. चहा पिऊन, पेटी खांद्याला मारून ते निघून गेले. जिन्यात बासचा तुकडा गुणगुणत होते. पांढरी दोनमध्ये असावा.

बैठक त्या दिवशी लवकर आटोपली. गार्डसाहेब स्टेशनवर सारखे घड्याळ बघत होते. चष्मेवाल्यांनी भिंग खिशात ठेवलं होतं, ते एसटी सुटेपर्यंत काढलं नाही.

परवा वाचलं, आता मूळ टेपवरून नव्याने काढलेली आणखी एक आवृत्ती येते आहे. रात्री जेवताना विषय काढला. तीन हजारांचा मागचा हिशेब निघेल म्हणून घास हातात धरून थांबलो होतो. सौ.ने वाटीत आमटी वाढली.

“मागवा,” ती म्हणाली, “पण कुरडयांच्या आत येऊ द्या. आणि दोन मागवा. तिसऱ्या कोपऱ्याला अजून वीटच आहे.”